बाईंनी जोडलेलं कंप्युटर

आमच्या शाळेत खिचडीघराची खिडकी लई खाली हाय. चुलीपशी बसलं की माणसाचं तोंड दिसत न्हाई, नुस्ते पाय दिसतात. म्हणून साळवेबाई मला आधी पायानं वळखू आल्या. काळी चप्पल, डाव्या अंगठ्याला तार बांधलेली. तुटली तव्हा चांभाराकडं नेली न्हाई, सोत्ताच तारेनं आवळून घेतली. हेडसरांचे पाय फटाफट निघून जायचे. बाईंचे पाय जरा चालले की थांबायचे. कुठं नळ गळून राह्यला, कुठं पोराच्या दप्तराचा पट्टा सुटला, ते पाह्यल्याबिगर पुढं जायचे न्हाईत.

मी कौसाबाई. शाळेत खिचडी शिजवते. वाटूरच्या अलीकडं आमचं गाव हाय. माझी सोत्ताची शाळा दुसरीपस्तोर झाली, मंग आईबापासंग ऊसतोडीला गेले. लगीन झालं तं नवऱ्यासंग गेले. भागवत, माझा पोरगा, उसाच्या फडाच्या कडंला, पाचटाच्या कोपीत झाला. बाळंतपणाच्या वल्या अंगानं उसाच्या मोळ्या वाहिल्या. नवरा तिकडंच गेला, भरल्या गाडीखाली आला. कंबर धरली तव्हा मी गावात राह्यले आन् हे खिचडीचं काम भेटलं. पण माझं काय सांगायचं, बाईंचं सांगते.

बाई जुन्या जालन्यातून यायच्या, ठेसनाच्या मागून. एसटीनं वाटूर फाट्यापस्तोर, मंग काळीपिवळीत कोंबून गावात. बाई बौद्ध. पहिल्या वर्षी गावातल्या काही बाया त्यांच्या हातचा चहा घ्यायला कचरायच्या. बाईंनी कोणाला चहा इचारलाच न्हाई. डबा उघडून पोरांच्या पंगतीला बसायच्या, आन् ज्याच्या ताटात भाजी न्हाई त्याच्या ताटात आपली भाजी टाकायच्या. पोरं खायची. मंग त्या बायाच एक दिवस म्हणल्या, बाई, घरी या की चहाला. बाई म्हणल्या, "आले असते, पण माझी गाडी चुकंल." तोंडावर रागबी न्हाई आन् हासूबी न्हाई.

खोटं त्यांना बिलकुल चालायचं न्हाई. एकदा एसटी रस्त्यात बंद पडली, बाई उशिरा आल्या. हेडसर म्हणले, "जाऊ द्या बाई, करा सही, कोण पाहतंय?"

"मी पाहतेय ना," बाई म्हणल्या, आन् सहीपुढं आपल्याच हातानं लिव्हलं, उशीर.

हेडसर मला म्हणले, "कौसाबाई, ही बाई एक दिवस माझीबी नोकरी घालवंल."

त्यांचं एक बोलणं सगळ्या शाळेला पाठ व्हतं. "आधी थांबा, मंग हात लावा." गणित सोडवणाऱ्या पोरालाबी तेच, भांडणाऱ्या पोरीलाबी तेच. मी पहिल्यानं हासायचे. मंग एक दिवस खिचडीघरात गॅसच्या नळीनं पेट घेतला. मी पातेलं ओढायला धावले, हेडसर बादली घेऊन आले, पोरं वरडाय लागली. बाई दारात आल्या. थांबल्या. खरंच थांबल्या, मला तं वाटलं बाई भेल्या. मंग म्हणल्या, "सर, बादली खाली ठेवा. कौसाबाई, बाजूला." वलं पोतं हाताला गुंडाळलं, जाळाच्या मागून हात घातला आन् टाकीचा खटका फिरवला. आग इझली. बाईंच्या मनगटावरचे केस जळाल्ते. म्हणल्या, "आग कुठंय ते सगळे पाहतात. ती येते कुठून ते पाहायचं असतं."

आता कंप्युटरचं.

शाळेचं जुनं कंप्युटर कव्हाच मेल्तं, त्याच्यावर पोरं दप्तरं ठिवायची. बाईंनी आपल्या जुन्या शिकवलेल्या पोरांना फोन केले. एकानं पडदा दिला, एकानं आतलं यंत्र बसवायचा पत्र्याचा डबा, कोणी काय, कोणी काय. सगळं नवं, पण सुटं सुटं. जोडून द्यायला जालन्यातला दुकानदार तयार व्हता. बाई म्हणल्या, न्हाई, पोरींच्या समोर जोडायचं, आतमधी काय असतं ते त्यांना दिसू द्या. बाईंनाबी येत न्हवतं. मोबाईलात पाहून पाहून शिकल्या. टेबलावर धुतलेली चादर अंथरायच्या, आन् प्रत्येक वस्तू उचलायच्या आधी खिडकीच्या गजाला हात लावायच्या.

मी इचारलं, "बाई, गजाच्या पाया पडता का काय?"

"अंगात बारीक वीज असते, कौसाबाई. ती गजाला देऊन टाकायची. न्हाई तं ह्या नाजूक वस्तू जळतात."

"माझ्या अंगात कुठली वीज आलीय, दिवसभर चुलीपशी बसून."

"तुमच्यात तं जास्तच असंल," बाई म्हणल्या. "दुरूनच पाहा."

शनिवारच्या सांजच्याला ते जुळलं. बाईंनी बटन दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. हेडसर नारळ घेऊन आले. "बाई, नवं यंत्र हाय. हळदकुंकू तरी लावू."

"नारळ फोडा की सर. बाहेर अंगणात फोडा, पोरं खोबरं खातील. यंत्राला काही लावायचं न्हाई. ना हळद, ना कुंकू, ना पाण्याचा थेंब." पोरींकडं वळून परत म्हणल्या, "ऐकलं ना? कोणी शिवायचं न्हाई." चालू करून पाह्यलं, बंद केलं, कुलूप लावलं आन् किल्ली माझ्यापशी दिली.

ह्या सगळ्याची घाई व्हती ती माझ्या नातीपायी, रेणूपायी. ऊसतोडीवाल्यांच्या पोरींसाठी एक वसतिगृहाची शाळा हाय. तिथल्या उरलेल्या जागांची परीक्षा सोमवारी व्हती, कंप्युटरवर, कॅमेऱ्यापुढं बसून. मोबाईलवर चालत न्हवती. वाटूरच्या कंप्युटर सेंटरवाल्यानं आधीच हात जोडल्ते, त्याच्याकडं पिकाच्या नुकसानीच्या अर्जाची रांग लागल्ती. दसरा झाला की तोडीला न्यायला मुकादमाची गाडी येणार. भागवत आन् सून जाणार, धाकटं लेकरू संग. रेणू संग गेली तं ती लेकरू सांभाळंल, भाकरी थापंल, सुनेचे हात फडात मोकळे. भागवतचंबी खोटं न्हवतं. आम्ही असंच केलं, आमच्या आईनंबी असंच केलं. पण बाई घरी येऊन बसल्या आन् उठल्याच न्हाईत, मंग तो म्हणला, "बरं मॅडम. परीक्षा दिली आन् नंबर लागला तं ठिवतो. न्हाई तं पोरगी गाडीत बसंल. मंग मला बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार," बाई म्हणल्या.

सोमवारी मी तांदूळ निवडून राह्यले व्हते. रेणू म्हणली, "आज्जी, किल्ली दे, खोली झाडून घेते." गेली. जरा येळानं खिडकीतून बाईंचे पाय दिसले, आन् लगीच रेणूचे पाय खोलीतून बाहेर आले, पळत. ओढणीचं टोक पायाशी लोंबत व्हतं, गाठ मारलेलं.

अकराला पेपर सुरू व्हणार व्हता. साडेअकराच्या नंतर आत घेत न्हाईत, असं बाईंनी तिला पाठ करून घेतल्तं. बाई दहालाच आल्या. भागवतबी आला, दाराला टेकून उभा राह्यला.

बाईंनी बटन दाबलं. पंखा फिरला. बाई खुर्ची ओढून राह्यल्या तितक्यात पंख्यानं मान टाकली. परत दाबलं. काहीच न्हाई. वायर काढली, परत लावली. पंखा फिरला, दोन-चार श्वास, आन् गप.

"लाईट कमी येत असंल," हेडसर म्हणले. बाईंनी त्याच भोकात मोबाईल लावून पाह्यला. चार्ज व्हत व्हता. पडद्याची वायर काढून डब्याला लावली. तेच. हेडसर पुढं झाले आन् अंगठ्यानं बटन दाबाय लागले, जोरात, जसं बंद मोटारसायकलीला लाथ मारतात.

"सर, हळू."

"अहो, नवंय, घट्ट असंल." परत दाबलं.

"सर, आधी थांबा."

सरांनी हात काढला. मला चूल सोडून यायचं न्हवतं, पण मी आले. भाताला जाळ कमी केला आन् दारात भागवतच्या मागं उभी राह्यले.

बाईंनी गजाला हात लावला. पेचकसानं बाजूचा पत्रा खोलला. आतून एक हिरवी पट्टी काढली, तिच्या सोनेरी काठावर पोराचं खोडरबर घासलं. हे मी त्यांना आधीबी करताना पाह्यल्तं. फुकलं, बसवली. खट वाजलं. बटन दाबलं. पंखा फिरला. पंखा थांबला.

रेणू बाकड्यावर बसल्ती, पेन हातात. कंप्युटरवरच्या परीक्षेला पेन काहून लागतं, मला कळंना. तिनं ते धरून ठिवल्तं.

बाईंनी पुण्याच्या एका जुन्या शिकवलेल्या पोराला फोन लावला, तिकडं कंपनीत हाय तो. मोठ्या आवाजावर ठिवला. तो म्हणला, "मॅडम, असं लगीच बंद पडत असेल तर मेन बोर्डच गेला असणार. किंवा प्रोसेसर. आता तुमच्याकडून काही होणार नाही, दुकानात न्यावं लागेल."

बाईंनी फोन ठिवला. बाहेर दुसऱ्या वर्गाचे पाढे चालल्ते, ते लई मोठ्यानं वाटाय लागले.

भागवत म्हणला, "अकरा वाजले, मॅडम."

"दिसतंय मला."

"म्या काय म्हणतो, नसतं नशिबात तं नसतं. यंत्रबी न्हाई म्हणून राह्यलं. चल रेणे, घरी चल. उगं रडू नको इथं."

"मी कुठं रडून राह्यले?" रेणू म्हणली. ती रडत न्हवती. पण उठली.

"बस," बाई म्हणल्या. मोठ्यानं न्हाई. पोरगी बसली. भागवतनं तोंड उघडलं, बाईंनी त्याच्याकडं पाह्यलंच न्हाई.

मंग बाईंनी पेचकस खाली ठिवला. खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घेतले आन् त्या डब्याकडं नुस्त्या पाहत राह्यल्या. हेडसर माझ्या कानाशी म्हणले, "हिनं हात टेकले, कौसाबाई." मला आमचा गॅस आठवला. पण घड्याळाचा काटा पळून राह्यला आन् बाई बसून राह्यल्या. मला वाटलं, आता तरी काहीतरी करा माय, काहीबी करा.

बाई बोलल्या त्या कोणाशीच न्हाई. "शनिवारी चालू व्हतं. मीच चालू केलं, मीच बंद केलं. रातभर, दिवसभर कुलपात. आतलं काही हाललं न्हाई, पत्र्याचे पेच जसेच्या तसे घट्ट व्हते. मंग बिघडंल कसं?" जरा थांबल्या. "आत कोणी शिवलं न्हाई. बाहेरून कोणी शिवलं का?"

रेणूनं मान खाली घातली.

बाईंनी तिच्याकडं पाह्यलं. लई येळ न्हाई पाह्यलं. पोरगी जमिनीकडं पाहत व्हती, आन् तिचा उजवा अंगठा पेनाला असा दाबल्ता की पांढरा पडल्ता. नुस्तं नखाच्या कडंला लाल व्हतं. मला ते तव्हा दिसलं. बाईंना माझ्या आधी दिसलं असंल.

इथं एक सांगायला पाह्यजे. आमच्यात दसऱ्याला कोयता पुजतात. दांड्याला न्हाई, पात्याला. ज्या जागेनं काम व्हतं त्या जागेला कुंकू दाबायचं आन् वल्या कुंकवावर अक्षता चिकटवायच्या, अंगठ्यानं, घट्ट, म्हणजे वर्षभर हात कापत न्हाई. माझ्या सासूनं मला दाखवलं, मी सुनेला दाखवलं, रेणू ल्हानपणापासून पाहत आली. कंप्युटरची काम करायची जागा कोणती? जिथं दाबलं की चालू व्हतं ती.

"बरं," बाई म्हणल्या.

येवढंच. काय केलं, काहून केलं, काहीच इचारलं न्हाई. उठल्या, गजाला हात लावला आन् डब्यात वाकल्या. "बटनापासून दोन बारीक वायरी आत येतात," म्हणल्या, जशा वर्गात सांगतात तशा. "बटन दाबलं की दोघींची गाठ पडते, सोडलं की सुटते. तेवढंच बटनाचं काम. आता बटन दाबलेलंच अडकलं असंल तं यंत्राला वाटतं, कोणीतरी बोट काढतच न्हाई. मंग ते चालू झालं की सोत्ताला बंद करून घेतं." त्यांनी बारीक वायर चिमटीत धरून उपसली. तिच्या जागेवर दोन काटे उघडे पडले, सुईयेवढे. बाईंनी पेचकसाचं टोक त्या दोन काट्यांवर टेकवलं आन् उचललं.

पंखा फिरला.

आम्ही सगळे त्याच्या मरायची वाट पाहत व्हतो. भागवत दार सोडून आत आल्ता. पंखा फिरतच राह्यला. मंग पडद्यावर उजेड आला, बाईंच्या तोंडावर पडला, आन् मला दिसलं, बाईंच्या ओठावर घामाचे थेंब व्हते. शांत माणसालाबी घाम येतो, हे मी त्या दिवशी पाह्यलं.

"रेणू, ये. जल्दी."

मोबाईलचं नेट जोडलं, नाव टाकलं, कॅमेऱ्यात पोरीचं तोंड आलं. हेडसर घड्याळाकडं पाहून राह्यले व्हते. पेपर उघडला तव्हा साडेअकराला थोडकाच येळ राह्यल्ता. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं. घटाघटा प्यायल्या, अर्धं पाणी साडीवर सांडलं.

माझा भात खाली लागल्ता. पोरांनी करपट खिचडी खाल्ली त्या दिवशी, कोणी कुरकुरलं न्हाई.

पेपर संपला तव्हा बाई आत गेल्या आन् डब्याचं पुढचं तोंड काढलं, प्लास्टिकचं. बटनाच्या फटीतून एक तांदळाचा दाणा त्यांच्या तळहातावर पडला. लाल. कुंकवात भिजलेला, वाळलेला. हेडसरांनी दाब दाब दाबून बटनाचा पायबी मोडल्ता. मी बाईंच्या बाजूला व्हते. बाईंनी मूठ मिटली.

भागवत दारात आला. "काय झाल्तं मॅडम त्याला?"

मी बाईंच्या तोंडाकडं पाह्यलं. रेणूनंबी पाह्यलं. मला माझ्या पोराचं डोकं म्हाईत व्हतं. कुंकवाच्या दाण्यानं परीक्षा अडली असं त्याला कळलं असतं तं तो म्हणला असता, देवीलाच नको व्हतं. मंग नंबर लागला काय आन् न लागला काय.

"बटन हलकं निघालं," बाई म्हणल्या. "माझीच चूक. जोडताना मी नीट पाह्यलं न्हाई."

उशीर झाला तं आपल्याच हातानं उशीर लिव्हणारी बाई. जराबी अडखळल्या न्हाईत.

भागवत गेल्यावर त्यांनी मूठ माझ्या हातात उघडली. "कौसाबाई, तुमच्या तांदळातला हाय का पाहा. खिचडीत नका टाकू." आन् रेणूकडं न पाहता म्हणल्या, "पुढच्या वेळी पात्यालाच लावा. बटनाला लावू नका." बाईंना कोयत्याचं कसं म्हाईत, मी कव्हा इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून घराच्या घंटीचं बटन काढलं, दाराला असतं ते, पांढरं, गोल, कडंनं पिवळं पडलेलं. दोन वायरी त्याला जोडल्या आन् डब्याच्या बाहेर लटकवलं. हेडसर म्हणले, "नवं आणलं का?"

"घरी पडून व्हतं," बाई म्हणल्या.

तव्हापासून आमच्या शाळेचं कंप्युटर घंटीनं चालू व्हतं. पोरं दाबतात आन् वरडतात, "कोण हाय आत?" अजूनबी तेच बटन हाय.

रेणूचा नंबर लागला. दसऱ्याला भागवतनं कोयता पुजला, मुकादमाची गाडी आली. सून रडली, भागवत गाडीत चढताना पोरीला म्हणला, "मॅडमचं ऐक." गाडी गेली, रेणू माझ्यापशी राह्यली, आन् दिवाळीच्या आत वसतिगृहात गेली. आमच्या घरातली ती पहिली, जी त्या गाडीत बसली न्हाई.

बाई रिटायर झाल्या. मंग कोणी म्हणलं, आजारी हायत, मंग कोणी म्हणलं, लई आजारी हायत. रेणू बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तव्हा मी पेढे घेऊन एकटीच जुन्या जालन्याला गेले. रिक्षावाल्यानं ठेसनाच्या मागं सोडलं. इचारत इचारत गेले. खालचं घर, हिरवं दार. दाराबाहेर तीच काळी चप्पल, तार बांधलेली.

मी घंटी दाबायला हात वर केला. घंटी न्हवती. भितीवर गोल पांढरा डाग व्हता, आन् त्याच्या मधून दोन वायरी बाहेर आल्त्या, चिकटपट्टीनं गुंडाळलेल्या. चिकटपट्टीबी जुनी झाल्ती, धूळ बसून काळी पडल्ती.

मी तशीच उभी राह्यले. आतून आवाज आला, बारीक झाल्ता, पण तोच. "कोण हाय? कडी वाजवा, घंटी न्हाई आम्हाला."

"मी हाय बाई. कौसाबाई."

दार उघडलं. बाईंची नुस्ती हाडं राह्यल्ती. माझ्या हातातल्या पेढ्यांकडं पाह्यलं, मंग मी भितीकडं पाहून राह्यले व्हते, तिकडं पाह्यलं.

"घरी पडून व्हतं म्हणल्ता तुम्ही," मी म्हणले.

बाई थांबल्या. मंग हात पुढं करून पेढा घेतला. म्हणल्या, "आत या, कौसाबाई. चहा टाकते. गाडी चुकली तं चुकली."